उसन्या ताटावरचं नाव

रविवार, १६ जानेवारी १९३८. मळवली

कुरडई उचलली आणि तिच्याखाली रतनचं नाव दिसलं — तिथं सगळं फिरलं! त्याआधी मी एम.ए.चा विद्यार्थी होतो, फंडाची शिष्यवृत्ती खाणारा, गावात मान असलेला. आता कोण आहे देव जाणे. पहिल्यापासून लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

फंडाचे चिटणीस बिवलकर आज घर पाहायला आले. नियमच आहे त्यांचा. अर्थशास्त्र आणि राज्यकारभार शिकणाऱ्या गरीब मुलाला महिना तीस रुपये, दोन वर्षं. पण वर्षातून एकदा चिटणीस स्वतः घरी जाऊन गरज आहे की नाही ते पाहणार. मी आठ दिवस आधी आईला बजावलं होतं — आहे तसं राहू दे, काही करू नकोस.

आईनं ऐकलं, आणि एकदम म्हणाली, "पुन्याचा बामन आपल्या पंगतीला बसनार म्हनतोस, अन् त्याला जर्मनच्या थाळीत वाढू व्हय?"

संपलं. सकाळी डोळे उघडले तर घर ओळखू येईना. तांब्या शेजारच्या झुंबरबाईचा. वाट्या चार घरच्या चार. गोठ्यात गेणूची बैलजोडी, शिंगांना हिंगूळ लावलेली. आणि रखमाजी भाऊंकडून दोन पितळी ताटं, कोरी करकरीत, अजून चिंचसुद्धा न लागलेली. मी ओरडलो. आबा शांतपणे म्हणाले, "पाव्हना येतोय. वरडू नगं."

बिवलकर आले. साधा माणूस. पाय धुतले, पाटावर बसले, आमच्याबरोबर जेवले. झुंबरबाई दारात उभी राहून आपल्या तांब्यावर डोळा ठेवून होती, आईला बजावत — "जपून गं सरू, चेपा पडंल." गेणूचा बैल सारखा दावं ओढून हंबरत होता, त्याला समोर आपलं घर दिसत होतं ना! आई पदराआड हसली. बिवलकरही हसले. मग त्यांनी वही काढून आबांना विचारलं, "घरचं कसं काय चालतं? अडचण?"

आबा म्हणाले, "कमी काय न्हाई सायेब. देवाच्या किरपेनं."

त्याच वेळी मी कुरडई उचलली. ताटाच्या काठाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं — चि. सौ. कां. रतन. खाली — रखमाजी यांजकडून. शके १८६०.

शके १८६० म्हणजे येता वैशाख! रखमाजी भाऊंच्या रतनच्या लग्नाच्या भांड्यात मी वरण-भात कालवत होतो! तीन वर्षं त्या घरावरून जाताना मान वर करायची छाती झाली नाही, आणि तिकडं तांबटाकडून नाव घालून झालं!

त्यानंतर काय बोललो ते सगळं नीट आठवत नाही. एवढं आठवतं — "लिहा ना! कमी काही नाही लिहा! तुमच्या तीस रुपयांवर आमचं घर चालत नाही! दुसऱ्याची दैना बघायला येता, दिसली का?"

बिवलकरांनी वही मिटली. ताटातलं शेवटचं शीत खाल्लं. आईला म्हणाले, "जेवण फार छान झालं, बाई." आणि दुपारच्या गाडीनं गेले.

आई ताटं घासत बसली होती, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

सोमवार, १७ जानेवारी

ताटं परत द्यायला आई गेली. मी जाणार नाही म्हटलं. का जाऊ?

गुरुवार, २० जानेवारी. पुणे

कॉलेज सोडलं. अर्ज लिहून दिला — तीन ओळी. प्रोफेसरांनी चष्मा काढून विचारलं, "कारण?" म्हटलं, "घरगुती." ते म्हणाले, "घरगुती म्हणजे राग. राग उतरला की ये. जूनपर्यंत नाव पुसत नाही मी."

उतरायचा नाही!

ट्रंकेत माझा निबंध सापडला. मावळातलं गवत, गायरान आणि लोकल बोर्डाचे रस्ते. साठ पानं झाली होती. कार्ल्यापासून औंढ्यापर्यंत पायी फिरून केलेली. कोण कुठं गुरं चारतो, कोणत्या ओढ्यावर पूल नाही म्हणून पावसाळ्यात पोरं शाळेत जात नाहीत. फंडाच्या अर्जात विचारलं होतं, हा विषय का शिकायचा? मी लिहिलं होतं — "गावाचं सगळं ठरवणारे गावाला विचारत नाहीत. विचारायचं कसं असतं ते शिकायचं आहे." केवढा शहाणा होतो! घरच्यांना धड विचारता येईना मला.

सोमवार, ३१ जानेवारी. मळवली

स्टेशनाजवळच्या गवताच्या वखारीत लागलो. दिवसभर गवत दाबायच्या यंत्राचा दांडा ओढायचा, गठ्ठे बांधायचे, मालगाडीच्या वाघिणीत चढवायचे. मारुती मुकादम मला 'एमे' म्हणतो. "काय रं एमे, गवताचं अर्थशास्त्र काय म्हनतंय?" सगळे हसतात. मीही हसलो. मग डबा खायला लांब जाऊन बसलो.

अंगात कुसळं. झोप येत नाही. कुसळांनीच असं नाही.

रविवार, ६ फेब्रुवारी

रतन पाण्याला गेली. हिरवं लुगडं. बघितलं नाही — म्हणजे तिनं. मी बघितलं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

बिवलकरांचं पत्र! फाडायला घेतलं होतं, आई म्हणाली, "पाव्हन्याचं हाय, वाच तरी." म्हणून वाचलं. इथं उतरून ठेवतो, पत्र हरवलं तरी हे राहील.

"चि. बजरंग यास, आपण कॉलेज सोडल्याचे प्रोफेसरांकडून समजले. फार वाईट वाटले. त्या दिवशी मी एका पंगतीत चार घरच्या वाट्यांवर चार निरनिराळी नावे वाचली, आणि बैल कोणत्या घराकडे पाहून हंबरत होता तेही पाहिले. आपल्या घरची स्थिती माझ्या ध्यानात आली आहे. परंतु घरच्या कर्त्याने स्वमुखाने 'कमी काही नाही' असे सांगितले व आपणही त्याहून मोठ्याने तेच सांगितले. आपणां पितापुत्रांच्या शब्दाविरुद्ध 'गरजू' असा शेरा मी लिहू शकत नाही, कारण मंडळ मला विचारील, त्यांचे खोटे की तुमचे? रविवार दि. २४ एप्रिल रोजी मंडळ लोणावळ्यास बसेल. आपल्या वडिलांनी तेथे येऊन स्वतः सांगितले तर आपली शिष्यवृत्ती जूनपासून पुन्हा सुरू करण्याचा ठराव मी मांडीन. तोवर जागा रिकामी ठेवली आहे. आपल्या मातोश्रींस माझा नमस्कार."

तीनदा वाचलं. माणूस वाईट नाही. मीच भुंकलो त्याच्यावर.

आबांनी सांगायचं! 'माझ्याकडं काही नाही' — एवढे तीन शब्द! त्यात काय आहे?

रविवार, १३ फेब्रुवारी

भांडलो. कडाडून.

पत्र वाचून दाखवलं. आबा चिलीम भरत होते. म्हणाले, "पाच मानसांम्होरं उभं ऱ्हाऊन म्या भिकारी हाय म्हनू?"

"भिकारी नाही आबा! गरजू!"

"त्येच. पुन्याच्या भाषेत."

मी म्हटलं, तुमच्या खोट्या बडेजावानं माझं शिक्षण गेलं. आबा म्हणाले, "बडेजाव न्हवं. पाव्हना हाय म्हनून." मी म्हटलं, पाहुणा नव्हता तो, पाहणीला आला होता! आबांनी चिलीम खाली ठेवली आणि म्हणाले, "आपल्या दारात आला त्यो पाव्हनाच. अन् तू? तू काय म्हनालास त्याला? तुज्या तोंडात कुनी घातलं हुतं?"

काय सांगू? ताटावरचं नाव वाचलं म्हणून, हे बापाला सांगू?

आई चुलीपाशी रडत होती. "माज्याच मुळं झालं," म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. पण मी ते बोललो नाही. आता लिहिलं. लिहिणं सोपं आहे.

बुधवार, १६ मार्च. शिमगा

होळीपाशी सगळे बोंबलत होते. रतन बायकांत उभी होती. जाताना जवळून गेली आणि म्हणाली, "कालेज सोडलंस म्हनं? गवतात काय शिकतुयास?"

"तुला काय करायचंय? तुझी भांडी तयार झाली."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी येडा असावा. "व्हय," म्हणाली, "झाली. वाचलीस ना?" आणि गेली!

वाचलीस ना! जखमेवर मीठ. लग्न तुझं, ताट तुझं, वर मलाच विचारतेस! होळीत उडी घ्यावीशी वाटली. घेतली नाही, पुरणपोळी खाल्ली. लाज वाटते लिहायला, पण तीन खाल्ल्या.

मंगळवार, ५ एप्रिल

वखारीत आज वाघीण भरताना दोरी तुटली, गठ्ठा पायावर आला. मुकादमानं हळद आणून लावली. म्हणाला, "एमे, तुजं ह्ये काम न्हाई रं. तू रागावलायस म्हनून करतुयास. रागावर किती दिस गवत दाबशील?"

सगळ्यांनाच माझा राग दिसतो. आणखी काय काय दिसत असेल?

शनिवार, २३ एप्रिल

उद्या लोणावळ्याला मंडळ. मी विषय काढला नाही. दोन महिने काढला नाही. मनाशी ठरवलं होतं — जून आला की आणखी एक दोरी तुटेल, मग कायमचं गवत.

संध्याकाळी परसात पाहिलं तर आई आबांचा पटका धूत होती. आबांकडं एकच पटका आहे, जत्रेचा. मी बघत उभा राहिलो. आई म्हणाली, "ह्यानीच सांगितलं धुवायला. तू काय बोलू नगंस. बोललास तर ऱ्हातील."

बोललो नाही! आयुष्यात पहिल्यांदा.

रविवार, २४ एप्रिल

सकाळच्या गाडीनं लोणावळा. आबा खिडकीतून बाहेर बघत होते, मी त्यांच्या पटक्याकडं.

बंगल्याच्या ओट्यावर वेताच्या खुर्च्या, पाच माणसं, अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे. बिवलकर कोपऱ्यात, कागद घेऊन. आबांना खुर्ची दिली. बसले नाहीत. पायताणं खाली काढून पायरीवरच उभे राहिले. पाय पांढरेफटक, भेगांत शेण बसलेलं. अध्यक्ष म्हणाले, "बोला नथूजी, अडचण असेल ती मोकळेपणानं सांगा."

माळी झाडांना पाणी घालत होता, तेवढाच आवाज. माझ्या मानेवरून घाम चालला होता. वाटलं ओढून घेऊन जावं त्यांना, नको तो फंड!

मग आबा म्हणाले, आणि मी शब्द न् शब्द लिहितो —

"आमी गरीब हाय म्हनून सांगाया आलो न्हाई, सायेब. पर त्या दिशी ताटं आमची न्हवती. तांब्या झुंबरबाईचा. बैलं गेनूची. तांदूळ तेवडा आमचा. खोटं बोललो न्हाई, पाव्हनचार केला. ह्या सायबास्नी ठावं असावं म्हनून आलो."

अध्यक्षांनी डोळे पुसल्यासारखं केलं, पण धूळ गेली असेल. मग त्यांनी मला विचारलं, "आणि तू?"

मी म्हटलं, "मी मात्र खोटं बोललो. तीस रुपयांवरच मी शिकत होतो." इतकं सोपं होतं! तीन महिने गवत दाबलं एवढ्यासाठी!

ठराव पास. जूनपासून, दोन वर्षं, पहिल्या वर्षापासून पुन्हा. निबंध पुरा करायचा.

फाटकापर्यंत बिवलकर सोडायला आले. आबा पुढं गेले होते. बिवलकर हळूच म्हणाले, "तू त्या दिवशी माझ्यावर चिडला नव्हतास, ते मला तेव्हाच कळलं. ताटावरचं वाचून चिडलास. माझ्याही ताटावर तेच होतं."

कान तापले. मी मान खाली घातली.

"पण पाहणी करणाऱ्यानं पूर्ण वाचावं, बजरंग. 'रतन'च्या पुढं बोटभर जागा कोरी होती. सौभाग्यकांक्षिणी रतन — पुढं नवऱ्याचं नाव यायचं. तांबटानं राखून ठेवली होती. पाहणीत रिकामा रकानाही लिहायचा असतो, शिकवलं नाही तुला कुणी?"

घरी येताना गाडीत आबा एवढंच बोलले — "चा लय ग्वाड हुता त्यांच्यात."

सोमवार, २५ एप्रिल

विहिरीपाशी गाठलं तिला. रतनची कळशी भरेपर्यंत जेवढा वेळ, तेवढाच मिळाला.

"ताटावर नवऱ्याच्या नावाचा रकाना कोरा होता?"

"आत्ता वाचलंस व्हय?" ती म्हणाली. "शके आलं, साल आलं, न्हवऱ्याचं नाव कुटं हुतं? आमच्या बाबांनी सांगितलं, ठरलं की घालू. आंबी गावचं स्थळ नुसतं बघून गेलं हुतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"कसं सांगू? मला लिवता येतंय? आई नवी ताटं द्यायला तयार न्हवती. म्याच म्हनलं, द्या, पुन्याचा पाव्हना हाय. अन् सरूमावशीला सांगितलं, एक सायबाला वाढ, एक बजरंगाला. मला दुसरं कागद-पत्तर काय येतंय? त्येच धाडलं. म्हनलं, हा एवडा शिकलेला, वाचंल अन् येईल. तर तू त्या सायबावर भुकलास अन् पुन्याला पळालास!"

मी म्हटलं, "शिमग्याला तरी सांगायचंस."

"शिमग्याला इचारलं न्हाई? वाचलीस ना म्हनून? आनखी काय दवंडी पिटू?" कळशी डोक्यावर घेतली. मान ताठ. "उद्या दुपारच्या गाडीनं आंबीची मानसं येत्यात सुपारीला. परवा बाबा ताटं पुन्याला न्हेत्यात, नाव घालाया. तुजा रकाना का काय म्हनत्यात त्यो, तवर कोरा हाय."

ती गेली. मी विहिरीच्या काठाला बसून राहिलो. मारुती मुकादमानं हाक मारली तर ऐकू आली नाही म्हणे.

मंगळवार, २६ एप्रिल. सकाळ

गाडी दुपारी. रखमाजी भाऊ आत्ता घरी आहेत, म्हशीचं दूध काढतायत, इथून दिसतं.

त्यांना काय सांगू? माझ्याकडं आहे काय? जूनपासून तीस रुपये, तेही फंडाचे. दोन वर्षांनी काय होईल ते कोण सांगणार? घर हे असं. आबांना मी 'तीन शब्द' म्हणून टोचलं होतं. आता कळतंय किती जड असतात. त्यांनी पाच परक्यांसमोर उचलले, मला एकाच ओळखीच्या माणसासमोर उचलायचेत. आणि रतनला मागायचंही आहे!

आबांना काही सांगितलं नव्हतं. पण आत्ता त्यांनी खुंटीवरचा पटका काढून माझ्यापुढं ठेवला. "बांध. ह्यो उसना न्हाई." आणि वळून चिलीम भरायला बसले.

पटका बांधला. नीट बसला नाही, तसाच राहू दे.

वही मिटतो. निघालो. दार बाहेरून ओढून घेतो.